चार किलवरचा अर्थ

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ चौघांत खेळतात. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. पण भिडूशी बोलायला सक्त मनाई. आपल्या हातात काय आहे ते त्याला सांगायचं ते फक्त बोलीतून. ‘एक इस्पिक’, ‘दोन बदाम’, ‘पास’, असल्या मोजक्या शब्दांत. खोकायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, भुवई वर न्यायची नाही. बहुतेक नवराबायकोंना हे नियम फार कडक वाटतात. निरीक्षकांना ते पुरेसे कडक वाटत नसत.

निरीक्षक वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. सारा जन्म तराजू उलटेपालटे करून पाहण्यात गेल्यामुळे सरळ ठेवलेल्या कुठल्याही वस्तूचा त्यांना संशय येई. क्लबात त्यांनी एकदा एका गृहस्थांच्या उचकीविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पानं वाईट आली की यांना उचकी लागते आणि समोरच्या भिडूला ते कळतं, असा मुद्दा होता. गृहस्थ पुन्हा क्लबात दिसले नाहीत. उचकीचं काय झालं ते समजलं नाही.

निरीक्षकांची भिडू म्हणजे त्यांची बायको. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणत. बाई जपून बोली लावत. ओल्या फरशीवरून चालावं तशी त्यांची बोली पुढे सरके, आणि पहिला कोरडा तुकडा दिसला की तिथेच थांबे. चार बदामांपर्यंत गेल्या की त्यांना आपण फार लांब आलो असं वाटे.

“अगं, तू बोली लावतेस की माफी मागतेस?” निरीक्षक घरी येताना विचारत.

“तुम्ही पुढे धावता, म्हणून कुणीतरी मागे राहायला नको?” बाई म्हणत.

त्या दोघांना मिळून एक मासिक येई. मासिकात दर महिन्याला बोलीचे प्रश्न असत. तुमच्या हातात ही तेरा पानं, भिडू हे म्हणाला, आता तुम्ही काय म्हणाल? उत्तरं पोस्टानं पाठवायची. मासिकाच्या तज्ज्ञ मंडळातले बहुसंख्य लोक जे म्हणतील ते बरोबर. एकटा तज्ज्ञ चुकला तर ती चूक असते. मंडळातले सगळे मिळून चुकले की ते उत्तर असतं. वर्षाच्या शेवटी सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या जोड्यांना मासिकाच्या कचेरीत बोलावून अंतिम फेरी घेत, आणि जिंकेल त्या जोडीला तज्ज्ञ मंडळावर घेत. म्हणजे मग दर महिन्याला आपलं नाव छापून येणार आणि आपण चुकलो तरी ते उत्तर होणार. निरीक्षकांना जगात याहून जास्त काही नको होतं. पण दर वर्षी एक दंतवैद्य आणि त्यांची बायको पुढे जात. यंदा दोन्ही जोड्यांना बोलावणं होतं. दंतवैद्यांची फेरी सकाळच्या सत्रात होती. निरीक्षकांची वेळ दुपारची होती.

अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी बाई उठल्या आणि पलंगाच्या कडेला बराच वेळ बसून राहिल्या.

“डोकं जड झालंय हो,” त्या म्हणाल्या. “आणि हा हात झोपून राहिलाय.”

“हातावर झोपली असशील.”

“डाव्या कुशीवर झोपते मी. हा उजवा आहे.”

निरीक्षकांनी या मुद्द्याची नोंद घेतली आणि आंघोळीला गेले. ते बाहेर आले तेव्हा बाई चष्म्याचं घर उघडायचा प्रयत्न करत होत्या. त्यांनी ते उघडून दिलं. इतक्यात मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहायची. आईशी बोलून झाल्यावर तिनं फोन बाबांना द्यायला सांगितलं.

“बाबा, आई अशी काय बोलतेय? शब्द शोधत बोलतेय. मध्येच गप्प झाली.”

“अंतिम फेरी आहे तिची. तुझी दहावी होती तेव्हा तूही गप्प झाली होतीस.”

“मी गंमत करत नाहीये. आज कुठे नेऊ नका तिला. डॉक्टरकडे न्या.”

“नेतो ना. संध्याकाळी नेतो.”

“आत्ता न्या!”

“अगं, आठ डाव आहेत फक्त,” निरीक्षक म्हणाले. जणू आठ डावांच्या आत कुणाला काही होऊच शकत नाही.

फोन ठेवल्यावर ते थोडे घुटमळले. तसे ते वाईट गृहस्थ नव्हते. बाईंसमोर उभे राहून त्यांनी विचारलं, “जायचं ना? तुला नको असेल तर नको जाऊ या.”

हे त्यांनी बूट घालून विचारलं. बाईंनी आधी बुटांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“चला,” त्या म्हणाल्या. “नाही गेलो तर जन्मभर ऐकवाल.”

मासिकाची कचेरी एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. लांब बोळ, दोन्ही टोकांना एकेक खोली, मध्ये पाण्याचा कूलर. निरीक्षकांना मिळालेल्या खोलीत मासिकाचे जुने अंक सुतळीनं बांधून छतापर्यंत रचले होते आणि सगळीकडे खळीचा वास होता. बाईंना दुसऱ्या टोकाची खोली. दोघांनी एकमेकांना पाहायचं नाही, ऐकायचं नाही. प्रत्येकाच्या टेबलावर एक पेटी आणि पेटीत प्रत्येक बोलीचं एकेक छापील कार्ड. आपली बोली निवडून कार्ड चहाच्या ट्रेवर ठेवायचं. ट्रे बोळातून भिडूकडे जाणार आणि त्याचं उत्तर घेऊन परत येणार. कार्डांशिवाय दुसरा कसलाही निरोप नाही. डाव संपला की संपादक गुण सांगणार. आणि फेरी संपेपर्यंत जो खोलीबाहेर पडेल तो स्पर्धेतून बाद.

“चोख व्यवस्था आहे,” निरीक्षक खूश होऊन म्हणाले.

“तुमच्याच पत्रांवरून केलीय,” संपादक म्हणाले. ते मृदू स्वभावाचे, सतत चष्मा पुसणारे गृहस्थ होते. निरीक्षकांची पत्रं वाचून त्यांना ही सवय लागली होती.

ट्रे न्यायला वर्गणी खात्यातल्या कारकून होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलघेवड्या. कचेरीत त्यांना वर्गणीताई म्हणत. त्यांना बोलायचं नाही असं बजावलेलं होतं आणि ते त्यांना जड जात असल्याचं त्यांच्या गालांवर दिसत होतं. बाईंच्या खोलीत देखरेखीला एक निवृत्त न्यायाधीश होते. स्पर्धकाशी बोलू नका आणि त्यांच्या पानांकडे पाहू नका, असं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली होती.

बोळात शिरताना बाईंनी निरीक्षकांची बाही धरली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

“बोलू नकोस,” निरीक्षक हळूच म्हणाले. “संपादक बघतायत.”

बाईंनी बाही सोडली.

पहिला डाव छान झाला. दुसराही. दोन्हींत बाईंची बोली नेहमीसारखी, सांभाळून पाऊल टाकणारी. “दहापैकी आठ. दहापैकी नऊ,” संपादकांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून, “दंतवैद्यांचं सकाळी काही जमलं नाही बरं का,” असंही सांगितलं. हे सांगणं नियमात बसत नव्हतं. पण निरीक्षकांनी हरकत घेतली नाही, यावरून ते किती हुरळले होते ते समजावं.

तिसऱ्या डावाला ट्रे परत यायला फार वेळ लागला. निरीक्षकांनी ‘एक इस्पिक’ कार्ड पाठवलं होतं. पंखा फिरत होता. खाली छापखान्यात कुणीतरी लोखंडी काहीतरी ओढत नेत होतं. शेवटी वर्गणीताई आल्या. ट्रेवर ‘पास’.

निरीक्षकांनी ओठ आवळले. त्यांच्या हिशेबानं बाईंकडे बरी पानं असायला हवी होती. पण भिडूच्या बोलीवर संशय घ्यायचा नाही, ती समजून घ्यायची, हे त्यांचं तत्त्व. पास म्हणजे पास. तिच्याकडे काहीही नाही, असं ती सांगतेय.

“दहापैकी तीन,” संपादक म्हणाले. “जरा लवकरच थांबल्या त्या.”

“स्वभाव आहे तिचा,” निरीक्षक म्हणाले.

चौथा डाव. निरीक्षकांची पानं देखणी होती, बदाम लांबलचक. त्यांनी ‘एक बदाम’ पाठवलं आणि मागे रेलून बसले. ट्रे गेला. बोळात वर्गणीताईंच्या चपला फटक फटक वाजत दूर गेल्या. मग काही नाही. एकदा खुर्ची सरकल्यासारखं वाटलं, पण ते खालूनही असेल. संपादकांनी घड्याळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा घड्याळ पाहिलं.

चपला परत आल्या त्या या वेळी घाईनं. ट्रेवर ‘चार किलवर’.

निरीक्षक त्या कार्डाकडे पाहतच राहिले.

याला कारण होतं. एक बदामावर थेट चार किलवर अशी उडी म्हणजे ब्रिजमधली सांकेतिक बोली. बदामांना माझा भक्कम पाठिंबा आहे आणि किलवराचं माझ्याकडे एकच पान आहे, असा तिचा अर्थ. निरीक्षकांनी बाईंना ती किती वेळा शिकवली होती, मीठमिरीच्या बाटल्या टेबलावर मांडून शिकवली होती, आणि बाई दर वेळी म्हणत, “मला नाही हो जमायची ही उडी. मी आपली चार बदाम म्हणून गप्प बसेन.” आणि आज, अंतिम फेरीत, न सांगता, न विचारता, बाईंनी उडी मारली होती.

निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी नियमाला धरून खाली मान घालून पुसलं. मग एरवी कधी झाला नसता एवढा धीर करून त्यांनी ‘सहा बदाम’ कार्ड काढलं. म्हणजे तेरापैकी बारा हात आपण जिंकू, असा दावा.

ते ट्रेवर घेताना वर्गणीताईंच्या तोंडून निसटलं, “साहेब, बाईंना जरा…”

“ताई!” संपादक म्हणाले.

“मला काहीही ऐकायचं नाही,” निरीक्षकांनी दोन्ही कानांत बोटं घातली. “संपादक, यांना समज द्या. या माझ्या भिडूबद्दल बोलतायत.”

“बोलत नाहीये हो, मी फक्त…”

“आणि यांचा चेहरासुद्धा. मघापासून बघतोय. यांचा चेहरा बोलतोय. यांनी ट्रे ठेवताना भिंतीकडे तोंड करावं.”

वर्गणीताई संपादकांकडे पाहत राहिल्या. संपादकांनी चष्मा पुसला. निरीक्षकांच्या तक्रारींची त्यांच्याकडे एक वेगळी फाईल होती आणि तिच्यात आज भर पडायला त्यांना नको होतं.

“ताई, नियम आहे,” ते म्हणाले. “भिंतीकडे बघा.”

वर्गणीताई गेल्या, ‘पास’ घेऊन आल्या, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“दहापैकी दहा,” संपादक म्हणाले आणि त्यांचाही आवाज बदलला. “सहा बदाम हेच मंडळाचं उत्तर. सकाळपासून कुणीही तिथं पोचलं नव्हतं. निरीक्षकसाहेब, तुम्ही सर्वांच्या पुढे आहात.”

पाचव्या डावात बाईंचं कार्ड ट्रेवर उलटं पडलेलं आलं, अर्धं ट्रेच्या कडेबाहेर. निरीक्षकांनी ते बोटानं सरळ केलं. पान कसं ठेवलंय यावरूनही काही सुचवता येतं. त्यांनी त्यातून काही सुचवून घेतलं नाही. आपल्या या प्रामाणिकपणाचं त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. त्याच डावात दुसरं कार्ड आलं ते ओलसर होतं, एका कोपऱ्यात दातांचे ठसे असल्यासारखं दबलेलं. निरीक्षकांनी ते रुमालानं पुसून ठेवलं. बोलीचा अर्थ लागत नव्हता. मग त्यांनी तो लावला. प्रयत्न केला तर कुठल्याही बोलीचा अर्थ लागतो. त्याशिवाय का मासिकं चालतात?

“दहापैकी पाच,” संपादक म्हणाले. “तरीही पुढेच.”

सहाव्या डावाला निरीक्षक तीन बदामांपर्यंत गेले होते. ट्रे परत आला. वर्गणीताईंनी तो ठेवला आणि भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

ट्रेवर होतं ‘एक इस्पिक’.

बोली वरच जाते. तीन बदामांनंतर पुढे जाता येतं किंवा थांबता येतं. मागे येता येत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. निरीक्षकांनी मनात सगळ्या पद्धती चाळल्या, त्यांनी वाचलेल्या, त्यांनी नाकारलेल्या, त्यांनी ज्यांच्याविरुद्ध पत्रं लिहिली होती त्या. तीनवरून एकवर येणारी बोली कशातच नव्हती. बाईंनी एवढ्या वर्षांत असली चूक एकदाही केलेली नव्हती. क्लबातले नवखे लोक करत, आणि बाई त्यांना हळूच खुणेनं सांगू पाहत, आणि निरीक्षक त्याबद्दल बाईंना रागावत.

त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं.

“ताई,” ते म्हणाले, “बाई…”

वर्गणीताई भिंतीकडेच पाहत राहिल्या. त्यांना तशी समज दिलेली होती.

“बेकायदा बोली,” संपादक नियमावली चाळत म्हणाले. “या डावाला शून्य. पण साहेब, उरलेल्या दोन डावांत थोडे गुण मिळाले तरी झालं. मंडळ तुमचं. पुढे चालू?”

इथं निरीक्षक उठले असते तर ही गोष्ट लहान झाली असती. ते उठले नाहीत. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्यांनी जोर दिला, अर्धे उभे राहिले, आणि त्याच वेळी संपादकांनी सातव्या डावाची पानं त्यांच्यापुढे ठेवली. माणसाच्या हातात तेरा पानं दिली की तो ती उलगडतो. निरीक्षकांनी उलगडली. रंग लावले. मोजली. खाली बसले. ‘एक चौकट’ कार्ड काढताना त्यांच्या मनात आलं, घाबरली असेल. घाई करू नये. दोनच डाव. मग थेट डॉक्टर.

ट्रे गेला.

या वेळी चपलांचा आवाज बोळाच्या मध्यावर थांबला. कूलरचा नळ सुरू झाला, बंद झाला. मग पुन्हा चपला. बराच वेळ शांतता. बोळाच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी पडलं. लाकडी, हलकं, बोल्यांची पेटी पडावी तसं.

वर्गणीताई आल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

ट्रे रिकामा होता.

पासचंसुद्धा कार्ड असतं. काही सांगायचं नसेल तर तेही कार्डानंच सांगायचं असतं. निरीक्षकांनी ट्रे उचलून खाली पाहिलं, उलटा करून पाहिला, सवयीनं.

“मुदतीत बोली आली नाही तर पास धरायचा,” संपादक वाचत होते. “कलम अकरा. म्हणजे साहेब…”

निरीक्षक उभे राहिले.

“साहेब, उंबरा ओलांडलात तर बाद व्हाल,” संपादक कळवळून म्हणाले. ते खरंच कळवळले होते.

निरीक्षक ओलांडून गेले. बोळ एवढा लांब असेल असं त्यांना येताना वाटलं नव्हतं.

बाई ताठ बसल्या होत्या. डाव्या हातानं त्यांनी उजवा हात मनगटाशी धरून टेबलावर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. पत्ते मांडीवर, पेटीतली कार्डं फरशीभर. न्यायाधीश खिडकीबाहेर पाहत होते.

“मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं,” न्यायाधीश न वळता म्हणाले, “पण मला स्पर्धकाशी बोलायची मनाई होती.”

बाईंनी निरीक्षकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून आवाज आला, लांब आणि ओला, शब्द नसलेला. निरीक्षक गुडघ्यांवर बसले. “काय? काय म्हणतेस?” ते विचारत राहिले, आणि बाई तेच पुन्हा म्हणत राहिल्या.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये वर्गणीताई सोबत बसल्या. आता त्यांना बोलायला बंदी नव्हती.

“तिसऱ्या डावापासून त्यांचा हात पेटीपर्यंत नीट जाईना,” त्या रडत सांगत होत्या. “चौथ्याला चार बदामाचं कार्ड पकडत होत्या. बोटं लावली होती हो त्याला. दोनदा सुटलं. मग जवळपासचं हातात आलं ते ट्रेवर पडलं. मी म्हटलं, बदलू का? तर न्यायाधीश म्हणाले, हात लावू नका. पुढे तर कार्ड दातांनी ओढत होत्या. मी सांगत होते तुम्हाला, साहेब. मी सांगायला आले होते.”

निरीक्षकांनी मान हलवली. बाईंचा डावा हात त्यांच्या हातात होता. तो हात दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली. “त्रास कधी सुरू झाला? नेमकं सांगा, यावर औषध ठरतं.”

“चौथ्या डावात,” निरीक्षक म्हणाले. मग म्हणाले, “तिसऱ्या.” मग खाली पाहून म्हणाले, “सकाळी उठल्यापासून.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “सकाळपासून? आणि तुम्ही आत्ता आणलंत?”

लवकर देता आलं असतं ते औषध आता देता येणार नव्हतं. डॉक्टरीणबाई आत गेल्या, दार मिटलं.

बाई वाचल्या. म्हणजे, आत्तापुरत्या, असं इस्पितळातले लोक म्हणत आणि पुढे बोलायचं टाळत. मेंदूतली एक शीर बंद झाली होती, दुसरीचा भरवसा नव्हता. बोलणं गेलं होतं. येईल, कदाचित येईल, किती येईल सांगता येत नाही. मुलगी आली होती. ती आईपाशी बसे, वडिलांशी कामापुरतं बोले. “बाबा, तुम्ही सल्ले देऊ नका,” एवढंच ती म्हणाली होती, आणि निरीक्षकांनी दिले नव्हते.

वॉर्डातल्या सिस्टरनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. “काहीही वेगळं दिसलं की हाक मारायची. का, कशामुळे, याचा विचार करत बसायचं नाही. तो आमचा धंदा.”

निरीक्षक खाटेशेजारच्या स्टुलावर बसून असत. बाई आवाज काढत, आणि ते त्या आवाजाला अर्थ लावायचा नाही, असं स्वतःला बजावत. ते सोपं नव्हतं. पाणी म्हणतेय का? मुलीला बोलावतेय का? मला काही म्हणतेय का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लागू नये असंही त्यांना वाटे.

अशाच एका दुपारी, मुलगी औषधं आणायला खाली गेलेली असताना, संपादक आले. हातात गुंडाळलेला कागद आणि फुलं होती. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी चष्मा पुसला.

“बाद तर व्हावं लागलं, साहेब. नियमच आहे. पण मंडळानं एकमतानं ठराव केलाय. वर्षातली सर्वोत्तम बोली : बाईंची चार किलवर. अहो, एकाएकानं पत्रं लिहिलीत. एक म्हणतात, ही बोली नव्हे, हे धाडस आहे. दुसरे म्हणतात, भिडूवर एवढा विश्वास हल्ली दिसत नाही. अंकात आपण त्याला पूर्ण पान देतोय. फक्त बाईंच्या मनात त्या वेळी काय होतं, तेवढ्या चार ओळी तुमच्याकडून हव्या होत्या. त्यांच्या बोलीचा अर्थ तुमच्यापेक्षा कोण जाणतं?”

बाई संपादकांकडे पाहत होत्या. मग त्यांनी आवाज काढला. रोजचाच आवाज, पण मध्येच तुटला. डावा हात चादरीवर उचलला गेला आणि पडला.

“काय म्हणाल्या?” संपादकांनी हसतमुखानं विचारलं. “आनंद झाला ना बाईंना?”

निरीक्षकांना वाटलं, हो, आनंद झाला असेल. वाटलं, नको म्हणतेय, जायला सांगतेय यांना. वाटलं, फुलांचा वास सहन होत नसेल. तिन्ही अर्थ चांगले होते. तिन्ही लागत होते.

“मला माहीत नाही,” निरीक्षक म्हणाले आणि स्टूल पाडून धावले. “सिस्टर! सिस्टर, लवकर या!”

वॉर्डभर सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. सिस्टर आली, बाईंच्या डोळ्यांत टॉर्च मारली, नाव घेऊन हाक मारली, पुन्हा मारली. मग तिनं मागे न पाहता भिंतीवरचं बटण दाबलं. डॉक्टरीणबाई पळत आल्या. कुणीतरी पडदा ओढला. निरीक्षक आणि संपादक पडद्याच्या अलीकडे राहिले. फुलं संपादकांच्याच हातात होती.

आत चाकं सरकली, काहीतरी फाडल्याचा आवाज आला, डॉक्टरीणबाई भराभर आकडे सांगत होत्या. एकदा सिस्टर ट्रॉली घेण्यापुरती बाहेर आली.

“लगेच हाक मारलीत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “आता बघू.” आणि पुन्हा आत गेली.

बराच वेळ दोघं उभे राहिले. संपादकांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. त्यांना वाईट वाटत होतं यात शंका नाही. पण अंक छपाईला जायचा होता.

“साहेब,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “मग मी त्याखाली काय लिहू?”

निरीक्षक पडद्याकडे पाहत होते. पडद्याखालून चार पाय दिसत होते आणि ते सतत जागा बदलत होते.

“लिहा,” ते म्हणाले, “बाईंना चार बदाम म्हणायचं होतं. हात पोचला नाही. भिडूला कळलं नाही.”

संपादकांनी फुलं काखेत धरून लिहून घेतलं. लिहिलेलं वाचून पाहिलं.

“मंडळाला हे पटायचं नाही,” ते म्हणाले.

पडद्याआडून डॉक्टरीणबाईंनी नातेवाईक कोण म्हणून विचारलं, आणि निरीक्षक आत गेले.